आनंदाला परवानगी कोणाची?

२०२२ सालची रमजान ईद ३ मे रोजी आली. त्याआधीच्या दोन ईदा घरातच गेल्या होत्या. २०२० मध्ये टाळेबंदी होती आणि २०२१ मध्ये दुसरी लाट. दोन्ही वर्षी ईदच्या सकाळी पडवीत चटया अंथरून घरच्याच चार-पाच माणसांनी नमाज पढली. मुसाफा नाही, गळाभेट नाही. शिरखुर्म्याची वाटी शेजारी पोहोचवायची तर ती उंबऱ्यावर ठेवून मागे सरायचे. १ एप्रिल २०२२ पासून राज्य सरकारने उरलेसुरले निर्बंध उठवले, मास्क ऐच्छिक झाला आणि तिसऱ्या वर्षी ईदगाह पुन्हा भरला. नमाज संपली तरी माणसे एकमेकांना सोडीनात.

आम्ही रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका गावी उर्दू शाळेवर शिक्षक आहोत. रमजानच्या अखेरच्या दिवसांत आम्ही तिघा शिक्षकांनी एक बेत केला होता. बाशी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे फिरायला जाण्याची चाल आहे. कोणी श्रीवर्धनच्या समुद्रावर जातो, कोणी मुरूडला जाऊन जंजिरा पाहतो. या वेळी बस ठरवून मोहल्ल्यातली मुले आणि त्यांचे पालक यांना खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात न्यायचे ठरले. कारण साधे होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडल्या तेव्हा आमच्या लक्षात आले होते की मुले हळू आवाजात बोलू लागली आहेत. मधल्या सुटीत पटांगणावर पूर्वी जो कल्ला असे, तो नव्हता. मुले भिंतीला टेकून उभी राहत. आम्हाला वाटले, यांना एकदा मोकळेपणी ओरडू द्यावे.

बसमध्ये कोण कोण येणार याची यादी करताना एका घरापाशी आम्ही अडलो. सातवीतली एक मुलगी. तिचे वडील पंधरा वर्षे कुवेतला गाडी चालवून २०२० मध्ये परतले होते. तिसऱ्या लाटेत, जानेवारी २०२२ मध्ये, ते गेले. ही लाट सौम्य आहे असे सगळेच म्हणत होते, पण त्यांना मधुमेह होता. मुलीला यायचे होते. तिच्या दादीचा नकार होता. आम्ही समजावायला गेलो, तर त्या माउलीने एवढेच विचारले, “माझ्या पोराची कबर अजून ओली आहे. सून इद्दतीत बसलीय, आणि तिची पोरगी पाळण्यात बसणार?” आम्ही गप्प राहिलो. मग ती म्हणाली, “तुम्ही शिकवणारी माणसं. तिला बापाला विसरायला शिकवताय?”

आम्ही उठणार तेवढ्यात आतल्या दाराआडून मुलीच्या आईचा आवाज आला. “सर, इद्दत माझी आहे. तिची नाही. तिला न्या.”

दादी काही बोलली नाही. मुलगी आली.

पण तो प्रश्न आमच्यासोबत बसमध्ये चढला. माणगाव गेले, कोलाड गेले, वाकण फाट्यावर बस पालीकडे वळली, तरी तो खाली उतरला नाही. एकट्या महाराष्ट्रात सरकारी आकड्यानुसार सुमारे १ लाख ४८ हजार माणसे या साथीत गेली. आमच्या बसमध्ये असे एकही घर नव्हते की ज्याने जवळचा किंवा लांबचा कोणी गमावला नव्हता. अशा माणसांनी नवे कपडे घालून, डबे बांधून, पाळण्यात बसायला जावे काय? गेलेल्यांशी ही बेइमानी नाही काय?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शरियतने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. पतीसाठी पत्नीने चार महिने दहा दिवस. इतर कोणासाठीही शोक तीन दिवसांहून अधिक पाळू नये. आम्ही लहानपणी हे पाठ केले तेव्हा ते कठोर वाटले होते. तीन दिवसांत कोणी बापाला विसरतो काय? मोठेपणी कळले की ही मर्यादा दुःखाला घातलेली नाही. दुःख कोणाच्या हुकमाने थांबत नाही. ही मर्यादा शोकाच्या बाह्य आचाराला आहे, आणि तिच्यात दया आहे. माणूस आतून सावरू लागला तरी लोकलाजेस्तव त्याला उदास चेहरा वागवावा लागू नये, एवढ्यासाठी ती आहे. चौथ्या दिवशी दुकान उघडणाऱ्याला कोणी निर्दय म्हणू नये. सातवीतल्या मुलीला ईदचे कपडे घालावेसे वाटले तर तिने ते लपवू नयेत. दाराआडून बोललेल्या त्या बाईला हे आमच्यापेक्षा चांगले कळले होते. शोकाचा खरा अधिकार तिचा होता, तो ती पाळत होती, आणि तो दुसऱ्यावर लादायला ती तयार नव्हती.

तरीही दादीचा दुसरा प्रश्न उरतोच. विसरायला शिकवताय काय? त्याचे उत्तर आम्हाला पुस्तकात मिळाले नाही. ते त्या दिवशी उद्यानात मिळाले.

इमॅजिका २०१३ साली सुरू झाले. तिथे नायट्रो नावाचा एक रोलर कोस्टर आहे. उंची सुमारे ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढी. पायाखाली फळी नाही; खांद्यावरून पट्टा आवळला की पाय अधांतरी लोंबत राहतात. खाली उभे राहून आम्ही वरच्या लोकांचे ओरडणे ऐकत होतो आणि मनात एक वेडा विचार आला. दोन वर्षे ज्यांनी खरी भीती भोगली, ते पैसे देऊन पुन्हा भीती विकत का घेत असावेत?

थोड्या वेळाने रांगेत उभे असताना उत्तर सुचले. इथली भीती दोन मिनिटांत संपते, आणि ती संपणार हे बसण्याआधी ठाऊक असते. २०२१ च्या एप्रिलमधली भीती केव्हा संपेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. दुसरी गोष्ट अशी की इथे आपल्या वतीने कोणीतरी आधीच काळजी केलेली असते. असे पाळणे रोज सकाळी रिकामे फिरवून पाहतात, मगच माणसे बसवतात. चढावर साखळी गाडीला ओढत असते तेव्हा खालून टक्‌टक्‌ असा जो आवाज येतो, तो खटक्यांचा असतो. साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये म्हणून ते बसवलेले असतात. रांगेच्या तोंडाशी मुलांची उंची मोजतात आणि कमी भरली तर कितीही रडले तरी सोडत नाहीत. म्हणजे वर जो बेफिकीर कल्लोळ दिसतो, तो खाली कोणीतरी वाहिलेल्या फिकिरीवर उभा असतो. मुलांना ऊर्जेचा धडा समजावून सांगायच्या तयारीने गेलेलो आम्ही, हा दुसराच धडा शिकलो.

ती मुलगी आमच्या शेजारच्या जागेवर बसली होती. गाडी वर चढताना तिने डोळे मिटून दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरला होता. उतारावर ती जी ओरडली, ती थेट गाडी थांबेपर्यंत. उतरल्यावर तिचे पाय थरथरत होते आणि ती हसत होती. मग म्हणाली, “सर, बाबा बसलेच नसते. त्यांना झोपाळ्यावरसुद्धा चक्कर यायची.” आणि लगेच म्हणाली, “परत बसू या?”

दादीच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. मुलगी बापाला विसरायला आली नव्हती, ती त्याला सोबत घेऊन आली होती. गेल्या चार महिन्यांत वर्गात तिने वडिलांचे नाव एकदाही काढले नव्हते. ते निघाले ते पाळण्यातून उतरल्यावर. शोकाच्या खोलीत आठवणीचा एकच प्रसंग पुनःपुन्हा येतो, तो म्हणजे शेवटचा. दवाखाना, प्राणवायूची नळी, प्लास्टिकची पिशवी. माणूस पुन्हा जगायला बाहेर पडला की गेलेल्याच्या बाकीच्या आठवणीही बाहेर येतात. मेलेला माणूस केवळ मेलेला राहू नये, यासाठी जिवंतांनी हसणे आवश्यक आहे, असे आम्हाला त्या क्षणी वाटले.

इथेच हा लेख संपवता आला असता. पण आम्हाला आमच्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वर लिहिलेले सारे अर्धसत्य ठरेल.

नायट्रोच्या चढावर, अगदी माथ्यावर गाडी पोहोचली तेव्हा आम्हाला आमची अम्मा आठवली. आणि तिच्यासोबत आठवले ते एक लग्न.

मार्च २०२१ चा शेवट होता. रमजान लागण्यापूर्वी लग्ने उरकण्याची नेहमीची घाई होती. दुसरी लाट चढत होती आणि लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती. नात्यातल्या एका वलिम्याला तीनशे माणसे जमली. आम्ही त्या पन्नासांच्या पलीकडल्या अडीचशेंत होतो. खरे सांगायचे तर आम्हाला जायचे नव्हते. आदल्या वर्षी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आम्ही शिक्षक घरोघर फिरून लोकांचे तापमान मोजत होतो, बोटाला यंत्र लावून प्राणवायू पाहत होतो, अंतर ठेवा म्हणून सांगत होतो. पण बोलावणे आले आणि नाही म्हणवेना. लोक रागावतील, शिकलेला म्हणून तोरा दाखवतो म्हणतील. गेलो. जेवलो. मास्क खिशात होता. मनापासून हसलोही.

अम्मा त्या वर्षात उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. लग्नानंतर दोन आठवड्यांच्या आत तिला ताप आला आणि रमजानच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. तेव्हा अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती. आम्ही अकरा जण होतो. लग्नाला तीनशे आणि जनाज्याला अकरा.

तो आजार त्या हॉलमधूनच आमच्यासोबत घरी आला, हे आम्ही सिद्ध करू शकत नाही. दूधवाला होता, औषधवाला होता. पण आमच्या मनातल्या न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळत नाही.

आता यातली विचार करण्यासारखी गोष्ट पाहा. त्या लग्नाबद्दल आम्हाला आजवर कोणी एका शब्दाने दोष दिला नाही. उलट, आलो नसतो तर दिला असता. आणि २०२२ च्या बाशी ईदला त्या मुलीला पाळण्यात बसवले म्हणून मात्र आम्हाला चार ठिकाणी ऐकावे लागले. ज्या आनंदाने कदाचित एक जीव घेतला, तो समाजाला रीतीचा वाटला. ज्याने कोणाचे काही बिघडवले नाही, तो निर्लज्जपणाचा वाटला. आपल्या तराजूत काहीतरी चुकते आहे.

चूक ही, की आपण दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतो. एक प्रश्न गेलेल्यांविषयीचा: त्यांच्यानंतर आम्ही हसावे काय? दुसरा जिवंतांविषयीचा: आमच्या हसण्याची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागते काय? पहिल्या प्रश्नावर आपण फार कडक आहोत, कारण तिथे लोक पाहत असतात. दुसऱ्यावर फार सैल, कारण तिथे किंमत मोजणारा घरात, दाराआड, खाटेवर असतो. खरे तर उलटे असायला हवे.

कोणी म्हणेल, मृत्यूची घडी ठरलेली असते, अम्माची तकदीर तेवढीच होती. आम्हालाही हे सांगितले गेले आणि रात्री-अपरात्री या वाक्याने आम्हाला आधार दिला, हे नाकारत नाही. पण हजरत उमर यांचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. हिजरी १८ च्या सुमारास शामच्या प्रदेशात साथ पसरल्याचे कळताच ते सोबतच्या लोकांसह वाटेतूनच मागे फिरले. अल्लाहने ठरवलेल्यापासून पळता काय, असे त्यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले त्याचा आशय असा की मागे फिरणे हेही त्यानेच ठरवलेल्यात येते. तकदीर हा गेलेल्या गोष्टीचा दिलासा आहे. तिला येणाऱ्या गोष्टीचा परवाना करता येत नाही. आम्ही वलिम्याला निघालो तेव्हा मागे फिरणेही आमच्याच हातात होते.

हा प्रश्न आमच्या एका गावाचा नव्हता. साऱ्या जगाने तो या काळात सोडवून पाहिला, आणि योगायोगाने अशाच उद्यानांच्या दारात. अमेरिकेत फ्लोरिडा येथील डिस्नेची उद्याने ११ जुलै २०२० पासून पुन्हा उघडू लागली. दुसऱ्याच दिवशी त्या राज्यात एका दिवसात १५ हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले. तोवर तिथल्या कोणत्याही राज्यात एका दिवसात एवढे आढळले नव्हते. ते रुग्ण उद्यानामुळे झाले असे कोणी म्हणणार नाही, पण बाहेर आग लागलेली असताना आत बँड वाजवावा काय, हा प्रश्न उरतोच. त्याच कंपनीचे कॅलिफोर्नियातले उद्यान मार्च २०२० पासून एप्रिल २०२१ अखेरपर्यंत बंद राहिले. त्याच्या वाहनतळावर जानेवारी २०२१ पासून लस टोचली जाऊ लागली. जिथे लोक मौजेसाठी गाड्या लावत, तिथे ते दंड पुढे करून रांगेत उभे राहिले. आणि जपानमध्ये, फुजी पर्वताजवळच्या एका उद्यानाने २०२० मध्ये वेगळीच तोड काढली. ओरडताना तोंडातून तुषार उडतात, तेव्हा पाळण्यात ओरडू नका, मनातल्या मनात ओरडा, असे लोकांना सांगितले. ते कसे करायचे हे दाखवण्यासाठी उद्यानाचे दोन अधिकारी सूट घालून, मास्क लावून रोलर कोस्टरमध्ये बसले आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता खाली उतरले. जग त्यांना हसले. आम्हीही हसलो होतो. आता वाटते, त्यांना प्रश्न बरोबर कळला होता. आनंद सोडा असे ते म्हणत नव्हते. तुमचा आनंद शेजारच्याच्या श्वासात जाऊ देऊ नका, एवढेच म्हणत होते.

आनंद बंद ठेवण्याचीही किंमत असते, हेही विसरून चालणार नाही. डिस्नेने सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या २८ हजार कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याचे जाहीर केले. इतक्या लांब जायला नको. आपल्याकडच्या उरुसात हाताने लाकडी पाळणा फिरवणारा माणूस आठवा. दोन वर्षे उरूस भरले नाहीत तेव्हा त्याच्या घरात काय शिजले असेल? आपला आनंद ही कोणाची तरी भाकरी असते. म्हणून ‘घरात बसा’ म्हणणे नेहमीच नीतीचे असते असेही नाही. प्रत्येक वेळी पाहावे लागते की किंमत कोण मोजतो आहे, आणि त्याला विचारले आहे काय.

रात्री उशिरा बस गावात आली. मुलीला घरी सोडायला आम्ही गेलो. दादी पडवीत जागीच बसलेली होती. बोलणी खायची तयारी ठेवूनच आम्ही पायरीशी उभे राहिलो. मुलीने चपला काढता काढता तेच सांगितले, “दादी, बाबा बसलेच नसते.” म्हातारी क्षणभर तिच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “कसा बसेल? उरुसातल्या पाळण्यात बसवला तर माझ्याच अंगावर उलटी केली होती त्यानं. पाच वर्षांचा असेल. चार आणे फुकट गेले.” आणि ती हसू लागली. हसता हसता तिने ओढणी डोळ्यांना लावली. आतल्या दाराआडूनही हसल्याचा आवाज आला. दवाखान्याची गोष्ट सोडून मुलाविषयी ती दुसरे काही बोलली, अशी जानेवारीपासूनची ती पहिलीच वेळ होती, हे मुलीच्या आईने पुढे इद्दत संपल्यावर आम्हाला सांगितले.

त्या घराचा हिशेब त्या रात्री थोडा हलका झाला. आमचा झाला नाही. त्यानंतरच्या काळात आम्ही एवढेच शिकलो की अंगात कणकण असली किंवा खोकला असला की दावतीला जात नाही, मग कोणी काहीही म्हणो. फार लहान गोष्ट आहे. पण २०२१ च्या मार्चमध्ये तीही आम्हाला जमली नव्हती.

आनंदाला परवानगी कोणाची घ्यावी? सरकारची घ्यावी लागते, पण ती पुरेशी नसते. लोकांची तर घेऊच नये. ते चुकीच्या वेळी देतात आणि चुकीच्या वेळी नाकारतात. परवानगी घ्यावी ती ज्याला त्या आनंदाची किंमत मोजावी लागणार, त्याची. मुलीला नेताना ती दाराआडून आम्हाला मिळाली होती.

अम्माला आम्ही विचारले नव्हते.